चाळीस बंदुका आणि एक पातेलं

चाळीस वर्षांच्या धंद्यात माझ्या बंदुकीनं एकही माणूस मेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. जे मेले ते सगळे चहाच्या सुट्टीत उठून बसले आणि भज्यांवरून भांडले. मी एस्तेर, वय चौसष्ट, मुक्काम केडगाव. नाटक-सिनेमासाठी खोटी हत्यारं बनवते. संपादकांचा फोन आला, ‘अंकासाठी तुमचे अनुभव लिहा.’ मी विचारलं, ‘खरे लिहू की खोटे?’ खोट्याचा मला जास्त सराव आहे.

वडील मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. नाताळच्या नाटकात हेरोद राजाचे शिपाई असतात, बेथलेहेमची बाळं मारायला निघालेले. त्यांच्या तलवारी अकराव्या वर्षी मी खोक्याच्या फळ्यांतून कापल्या. ते माझं पहिलं काम. शिपाई होते चौथीतले. त्यातला एक बाहुलीवर तलवार उगारायच्या वेळी भोकाड पसरून म्हणाला, ‘मी बाळाला मारणार नाही!’ अख्खं चर्च हसलं. मीही हसले, आणि मनात म्हटलं, तलवार तर झकास झालीय.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. अलीकडे सगळ्यात जास्त खप आहे तो सत्काराच्या गदेचा. एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी भली मोठी गदा सांगितली, ‘पण हलकी करा, साहेबांचा खांदा दुखतोय.’ मी इतकी हलकी केली की मैदानावरच्या पहिल्याच वाऱ्यानं ती व्यासपीठावरून उडाली आणि साहेब भाषण करता करता तिच्याकडे बघत राहिले. त्यानंतर मी प्रत्येक गदेत मूठभर वाळू घालते.

बंदुकीचं शास्त्र सोपं आहे. बंदुका तीन जातीच्या. ‘जवळची’ म्हणजे कॅमेरा नाकाला लागला तरी खरी वाटली पाहिजे अशी. फायबरची, काही भाग लोखंडाचे, स्क्रूसुद्धा खरे. ‘मधली’ लाकडाची. आणि ‘लांबची’ थर्माकोलची, गर्दीतल्या माणसांच्या हातात द्यायची. लांबची पावसात भिजली की पापडासारखी वाकते. सगळ्यांत अवघड काम घडवायचं नव्हे, जुनं करायचं. नवी कोरी वस्तू कॅमेऱ्यापुढे लगेच खोटी पडते. तिला घासायचं, धूर द्यायचा, माणसाचा हात जिथे लागतो तिथे रंग उडवायचा. हे काम आमच्या कुसुमताईंचं. त्या नेवाशाकडच्या, वीस वर्षं माझ्याकडे रंगकाम करतात, आणि त्यांनी जुनी केलेली वस्तू बघून म्युझियमवाल्यानंही हात जोडावेत.

तर आफ्रिकेची गोष्ट.

मुंबईचा एक तरुण दिग्दर्शक होता. सेटवर सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे, म्हणून मीही इथे सरच म्हणते. त्याला आफ्रिकेतल्या यादवी युद्धावर सिनेमा काढायचा होता. शांतिसेनेतला एक भारतीय अधिकारी, आणि समोर हातात बंदुका घेतलेली लहान मुलं. कुणीतरी त्याला मिरजगावजवळचा माळ दाखवला. वाळलेलं गवत, लाल माती, मधे मधे बाभळी. सर गाडीतून उतरला आणि हात पसरून ओरडला, ‘आफ्रिका!’ शेजारी शेळ्या चारणारे एक आजोबा उभे होते. ते म्हणाले, ‘न्हाई, हे गायरान हाय.’

सरनं मला एक जाडजूड रंगीत पुस्तक दिलं. सिनेमाची सगळी दृश्यं आधी चित्रकथेसारखी काढून घेतली होती, आणि सिनेमाबरोबर ती चित्रकथा विकायलाही ठेवणार होते. मुखपृष्ठावर एक मुलगा, लालभडक डोळे, दात विचकलेले, मागे आग, आणि हातात त्याच्याहून मोठी बंदूक. ‘मावशी, मला हे पाहिजे,’ सर म्हणाला. ‘इन्टेन्सिटी!’ त्या चित्रातली बंदूक खरोखर बनवली तर मुलाला तिच्यावर बसून घरी जाता आलं असतं. मी मापं उतरवली आणि जरा माणसात आणून चाळीस बंदुका केल्या. दहा जवळच्या, तीस मधल्या. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. खोटं कशाला बोलू, रात्री डोळे मिटले तरी त्याच दिसायच्या.

त्या टेम्पोत भरून निघालो तर नाक्यावर पोलिसानं अडवलं. ताडपत्री उचलली आणि त्याचा चेहरा असा झाला की मलाच पाणी द्यावंसं वाटलं. परवानगीचं पत्र माझ्या पिशवीत तळाशी, आणि वर दशम्या, चटणी, दोन लुगडी. मी शोधेपर्यंत कुसुमताईंनी एक लाकडी बंदूक उचलली आणि नळीवर टकटक केलं. ‘ऐका सायेब. आंब्याचं लाकूड हाय. वाळवी लागंल, गोळी न्हाई सुटायची.’ पत्र वाचून झाल्यावर तो हळूच म्हणाला, ‘पोराचं गॅदरिंग आहे हो, एखादी जास्तीची असेल तर...’

मिरजगावला आमचं दुकान मांडलं एका शेतकऱ्याच्या कांदाचाळीत. कांदे विकून चाळ रिकामी होती, वास मात्र भरलेला. दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून वारा यायचा, बंदुका फळ्यांवर ओळीनं ठेवायला जागा छान. त्या सिनेमातल्या सगळ्या शिपायांना कांद्याचा वास येत होता, हे पडद्यावर दिसत नाही म्हणून बरं.

आता माणसं. मोठ्या माणसांची भूमिका करायला पुण्यात शिकणारे आफ्रिकेतले विद्यार्थी आले होते, आणि पुण्यात राहणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांतली अकरा मुलं. अकरांत फौज कशी व्हायची? मग मेकअपवाला गावातली वीस पोरं रांगेत उभी करून काळ्या रंगाचा डबा उघडायला लागला. तेवढ्यात एका पोराची आई तीरासारखी आली. ‘माजं पोरगं काळं म्हून सासू आधीच मला बोलती. तुमी आनि काळं करताय व्हय?’ तिनं डब्याचं झाकण लावलं ते उघडलंच नाही. गावातली पोरं मग लांबवर धुळीत धावली, स्वतःच्याच रंगात, आणि कुणाला काही कळलं नाही.

हे सगळं एक उंच माणूस बाभळीखाली उभा राहून बघत होता आणि खो खो हसत होता. त्याचं नाव मोझेस. भाषा, कपडे, रीतिरिवाज यांचा सल्लागार म्हणून त्याला आणलेलं. वय चाळिशीचं. बारा वर्षं पुण्यात, त्यामुळे मराठी थेट रिक्षावाल्यासारखं. मी पहिल्या दिवशी कौतुकानं विचारलं, ‘तुम्ही आफ्रिकेचे का?’ तो म्हणाला, ‘हो. आणि तुम्ही आशियाच्या का?’ मी म्हटलं, ‘नाही बाबा, मी केडगावची.’ ‘मग मीपण माझ्या केडगावचाच, मावशी.’ पश्चिमेकडच्या एका देशातल्या नदीकाठच्या गावाचं नाव त्यानं सांगितलं. मी तीन वेळा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा चुकले.

त्यानं चित्रकथा चाळली. बराच वेळ पानं उलटत राहिला. मग सरला विचारलं, ‘हा सगळीकडे एकच मुलगा आहे का?’ सर म्हणाला, ‘नाही, हे शंभर आहेत.’ ‘तोंड एकच आहे पण. चित्रकारानं झेरॉक्स मारलंय.’

मी त्याला माझ्या बंदुका दाखवल्या. दाखवल्या म्हणजे काय, मिरवल्या. त्यानं फळीवरची पूर्ण ओळ बघितली आणि दोन्ही हात खिशात घातले.

‘कशा झाल्यात?’ मी विचारलं.

‘चांगल्या झाल्यात. म्हणूनच हात लावत नाही.’

मला ते शाबासकीसारखं वाटलं. दिवसभर मी फुशारले होते.

मुलांचं मात्र सरला काही जमेना. अकरांत सगळ्यात लहान होता इमॅन्युएल, नऊ वर्षांचा. कुसुमताईंना ते नाव लांब पडलं, त्यांनी त्याचा ‘मनू’ केला. चित्रकथेतला लाल डोळ्यांचा मुलगा तोच व्हायचा होता. सर ओरडायचा, ‘राग! राग आण! तुझं गाव जाळलंय!’ मनू डोळे वटारायचा, गाल फुगवायचा आणि फिस्सकन हसायचा. तो हसला की बाकीचे दहा हसायचे, मग लांबच्या धुळीतले वीस. एकदा तर ज्याला मारलं होतं तो मेलेला विद्यार्थीसुद्धा पडल्या पडल्या पोट गदगदवून हसत होता. आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या बंदुकांचं क्रिकेट. तीन बंदुका उभ्या रोवल्या की स्टंप, चौथीची बॅट. मिरजगाव विरुद्ध आफ्रिका. मोझेस पंच. आठवड्यात सात बंदुका मोडल्या, त्या मी रात्री बसून पुन्हा जोडल्या. मी चिडून गेले तर मनू म्हणाला, ‘आजी, ही बॅट लई भारी आहे, पण हँडल जरा बारीक कर ना.’

सरनं मला बोलावून सांगितलं, ‘मावशी, मुलं खेळतात. त्यांना हे खेळणं वाटतंय. जड करा बंदुका.’ मी दस्त्यात वाळू भरत बसले होते, गदेसारखी, तेव्हा मोझेस कांदाचाळीत आला. हातात मिरजगावच्या बाजारातून आणलेलं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं.

‘मावशी, हे जुनं करून द्या.’

‘किती जुनं?’

‘दोन वर्षं रोज चुलीवर चढलेलं.’ मग त्यानं बोट ठेवून दाखवलं, ‘इथे पोचा. उजव्या कडेला. मोठा. खाली दोन छोटे. आणि हा काठ इथे जरा आत वळलेला, डोक्यावर घेताना कानामागे लागतो तो.’

पंचवीस माणसं मला वस्तू जुन्या करायला सांगतात, पण पोचा कुठे आणि केवढा हे कुणी सांगत नाही. मी हातोडी खाली ठेवली.

‘तुमचं होतं?’

‘मी त्यांचा होतो,’ तो म्हणाला. मग सांगितलं. तो नऊ वर्षांचा असताना बंडखोरांनी त्याला गावातून उचलून नेलं. बंदूक मोठ्या पोरांना. लहान्यांनी ओझं उचलायचं, लाकडं आणायची, शिजवायचं. दोन वर्षं तो ते पातेलं डोक्यावर घेऊन जंगलातून चालला. ‘सिनेमात सगळ्यांच्या हातात बंदूक असते. आमच्यात निम्म्यांच्या डोक्यावर ओझं होतं. पण पातेलं पोस्टरवर चांगलं दिसत नाही ना.’

‘मग सुटलात कसे?’

‘सकाळी पाण्याला पाठवलं. नदीकाठी पातेलं ठेवलं आणि पळालो. बंदूक हरवली तर लगेच शोधतात. पातेलं हरवलंय हे भूक लागेपर्यंत कळत नाही. मला दुपारपर्यंत वेळ मिळाला.’ त्यानं पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. ‘एकच गोष्ट सुटत नाही. माझ्यानंतर ते कुणाच्या डोक्यावर दिलं असेल?’

या सिनेमात तो आला होता ते एवढ्यासाठीच. पाण्याला जाणारा एक मुलगा, एक पातेलं, बस. तीनदा सरला सांगून झालं होतं. सरनं तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं, ‘पातेल्यात टेन्शन नाही यार.’

मी पातेल्याला त्यानं सांगितले तिथेच पोचे पाडले. धूर दिला. मला फार वाईट वाटत होतं, आणि शरमही वाटत होती, कारण शेजारी मी मुलांसाठी वाळू भरलेल्या बंदुका वाळत पडल्या होत्या. पण माझ्या हातात काय होतं? मी बंदुका बनवणारी बाई. पातेलं पडून राहिलं. कुसुमताई म्हणाल्या, ‘रिकामं कशाला ठिवायचं?’ आणि त्यात चहा करायला लागल्या.

मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्या दुकानात ही चुकत नाही. मी रविवारी चर्चला जाते आणि नवमीला रंध्यापुढे हात जोडते. पाद्रीसाहेबांना ठाऊक आहे, ते म्हणतात रंध्याचे आभार मानायला हरकत नसावी. त्या दिवशी शूटिंगला सुट्टी जाहीर झालेली. कुसुमताईंनी पहाटेच चाळ झाडली, सडा घातला, झेंडूची टोपली आणली. करवती, पटाशी, हातोड्या, रंगाचे ब्रश. मग त्यांची नजर फळ्यांवर गेली. ‘बंदुका बी आपल्याच हातच्या हायती की.’ मी म्हटलं, ‘व्हय की.’ आणि दोघींनी मिळून चाळीसच्या चाळीस बंदुकांना ओल्या हळदीची पाच पाच बोटं आणि वर ठसठशीत कुंकू लावलं. प्रत्येकीला एक झेंडू. अशी देखणी फौज जगात कुठल्या सेनापतीनं पाहिली नसेल. पातेलं तेवढं राहिलं, कारण त्यात चहा उकळत होता.

नऊ वाजता सर धावत आला. उद्या परतीचा पाऊस आहे म्हणे, तळ्याकाठचा मोठा प्रसंग आजच उरकायचा. निरोप मोबाईलवर पाठवलेला, पण चाळीत रेंज कुणाला होती? सर आत शिरला आणि त्या पिवळ्या-लाल फौजेपुढे उभाच राहिला.

‘मावशी! हे काय? लग्न आहे का यांचं?’

पुसायला गेले. मॅट काळा रंग हळद पितो, हे मला चाळीस वर्षांत माहीत असायला हवं होतं. रॉकेलनं पुसलं तर पिवळ्याचं केशरी झालं. दुसरीवर हात टाकणार तर कुसुमताई आडव्या आल्या.

‘पूजा झालीया. आज आवजारास्नी सुट्टी. उद्या घ्या आनि काय उडवायच्या त्या उडवा.’

‘अहो ताई, त्या खोट्या आहेत!’

‘पूजा खरी हाय न्हवं!’

लाइटवाली पोरं तोंड फिरवून हसत होती. सर खोक्यावर बसला. युनिट उभं, ऊन सुरेख, तळं चकचकतंय, आणि सैन्याकडे हत्यार नाही. माझा जीव अर्धा झाला होता. या वयात धंद्यातली अब्रू हळदीनं जायची वेळ आली होती. तेवढ्यात मोझेसनं पातेल्यातला चहा भराभर कपांत ओतला, उरलेला बाभळीच्या मुळाशी टाकला, आणि पातेलं सरच्या पुढ्यात ठेवलं.

‘सर, ऊन आहे. कॅमेरा आहे. मुलगा आहे.’

सरनं पातेल्याकडे बघितलं, बंदुकांकडे बघितलं, आणि हात झटकले. ‘घ्या. काहीतरी घ्या.’

मनूला कुणी राग आण म्हटलं नाही. मोझेस त्याच्यापुढे उकिडवा बसला. ‘पाणी आणायला जा. काठावर पातेलं ठेव. मागे एकदा बघ. आणि मग आईकडे जा.’ त्याची आई बांधापलीकडे उभी होती.

मनू निघाला. पातेलं डोक्यावर, एक हात काठाला. ते अजून कोमट असणार. आत वळलेला काठ कानामागे लागला, त्यानं मान जरा वाकडी केली. मोझेसनं माझं मनगट धरलं. मनू पाण्यापाशी वाकला, पातेलं खाली ठेवलं, कलंडतंय का बघून एक खडा त्याच्या बुडाला लावला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागे बघितलं. चार पावलं चालला, मग पळाला, आणि पळता पळता हसायला लागला, त्याचं ते नेहमीचं फिस्सकन, मग मोठ्यानं.

सरनं कपाळाला हात लावला. ‘गेला शॉट! परत हसला!’

‘नाही सर,’ मोझेस म्हणाला. तो खाली मातीत बसला होता. ‘असंच. मी पण हसलो होतो. पळताना थांबतच नव्हतं हसू. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.’

मग सर उठला, मोझेसच्या शेजारी जाऊन मातीत बसला, आणि दुसरा टेक घेतला नाही.

सिनेमा आला. पोस्टरवर लाल डोळे आणि माझी बंदूक, चित्रकथेतल्यासारखी, मुलाहून मोठी करून छापलेली. लोक फोन करून म्हणाले, बंदूक काय खरी वाटते! पूर्वी मी आठवडाभर फुलून गेले असते. यावेळी मला ते चौथीतलं पोर आठवलं, हेरोदचं शिपाईपण नको म्हणून रडलेलं, आणि आम्ही सगळे हसलो होतो ते. त्याचं बरोबर होतं, आणि मी तलवार बघत बसले होते. पातेल्याचा शॉट सात सेकंदांचा ठेवलाय. मी मोजला. दुसऱ्या एका प्रसंगात गर्दीच्या कोपऱ्यात ती केशरी झालेली बंदूकही दिसते, पण ती फक्त मला आणि कुसुमताईंना कळते.

पातेलं मी केडगावला आणलं. वर्षभर दुकानात त्यात चहा होतो, सरस शिजतो, सगळं होतं. मोझेस दर खंडेनवमीला पुण्याहून येतो. मागच्या वर्षी मनूही आला, आता माझ्या खांद्याला लागतो. पूजा झाली. पातेल्यालाही पाच बोटं हळद, कुंकू, झेंडू. पाहुणे आले म्हणून मी सवयीनं चहा टाकायला त्याला हात घातला.

‘मावशी,’ मोझेसनं मला थांबवलं, ‘आज त्याला सुट्टी आहे ना? आज ते कुणी उचलायचं नाही.’

मी हात मागे घेतला. चहा शेजारणीकडून आणला. पातेलं दिवसभर जिथे होतं तिथेच राहिलं, आणि संध्याकाळी परत निघेपर्यंत मोझेस अधूनमधून त्याच्याकडे बघून हसत होता.